फोटो गॅलरी: कॉलम मोजू नका, फोटोची किमान रुंदी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवर किल्ल्यांचे ६० फोटो लावायचे आहेत. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, फ्लोट (घटक एका बाजूला लावायची जुनी पद्धत) आणि २५ टक्के रुंदी वापरून चार कॉलम केले. लॅपटॉपवर बरं दिसतं. फोनवर मात्र काही फोटो चेपलेले, काही टिकलीएवढे, पान उजवीकडे सरकतं आणि स्क्रोल करताना सगळं हलत राहतं. मीडिया क्वेरी, म्हणजे ठरावीक स्क्रीनलाच लागू होणारे नियम, किती लावाव्यात आणि कोणत्या रुंदीला?

एकही नको. मीडिया क्वेरी वाढवत गेलात तर आजच्या चार फोनांवर बसेल आणि पाचव्यावर पुन्हा बिघडेल. स्क्रीन किती रुंद आहे हा प्रश्न बाजूला ठेवा. एक फोटो निदान किती रुंद असला म्हणजे त्यात काय आहे ते कळतं, एवढंच ठरवा. कॉलम किती मावतात ते ब्राउझर मोजेल. ग्रिड, म्हणजे रांगा-कॉलमांत मांडायची सीएसएसची पद्धत, क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत २०१७ च्या मार्च महिन्यातच आलं, त्यामुळे फ्लोटला चिकटून राहायचं कारण उरलेलं नाही. फ्लोटमध्ये एखादा फोटो दोन पिक्सेलने जरी उंच निघाला तरी खालच्या रांगेतला फोटो त्याला अडकतो आणि मध्ये भोक पडतं. २५ टक्क्यांना पॅडिंग जोडलं की बेरीज शंभराच्या वर जाऊन चौथा फोटो खाली पडतो.

पुढे प्रॉपर्टींची नावं उच्चारानुसार देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती आणि आकडेही नेहमीप्रमाणे रोमनमध्येच लिहायचे.

आधी सांगाडा. एक यूएल (यादीचा टॅग), त्यात प्रत्येक फोटोला एक एलआय (यादीतली एक नोंद), त्यात मोठ्या फोटोकडे नेणारी लिंक आणि लिंकच्या आत इमेज. यूएलला ब्राउझर डावीकडे ४० पिक्सेल पॅडिंग देतो, ते शून्य करा. ‘फोटो टिकलीएवढे’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा फिगर हा टॅग असतो. त्याला ब्राउझर आपणहून दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल मार्जिन देतो. लॅपटॉपवर २८८ पिक्सेलच्या चौकटीत ते खपून जातं, पण फोनवरच्या १४० पिक्सेलमधून ८० गेले की हातात ६० उरतात. फिगर वापरत असाल तर मार्जिन शून्य करा. पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, आहे ना तेही पाहा. तो नसला तर बहुतेक फोन पान ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवतात आणि खालचं सगळं फुकट जातं.

आता यूएलवरचे नियम. डिस्प्ले: ग्रिड. ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समध्ये रिपीट, त्यात ऑटो-फिल, आणि त्यापुढे मिनमॅक्स: कमीत कमी ‘क्लॅम्प (१४० पिक्सेल, २० व्हीडब्ल्यू, २४० पिक्सेल)’, जास्तीत जास्त १ एफआर. (क्लॅम्पमध्ये किमान, हवं ते आणि कमाल माप येतं; व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग; एफआर म्हणजे उरलेल्या जागेतला वाटा.) गॅप, म्हणजे दोन फोटोंमधली जागा: क्लॅम्प (८ पिक्सेल, १.५ व्हीडब्ल्यू, १६ पिक्सेल). दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग, आतली कमाल रुंदी १२०० पिक्सेल. गॅलरीचा साचा एवढाच.

हे आकडे कुठून आले ते कळलं तर तुम्हाला स्वतःचे काढता येतील. ब्राउझर करतो तो हिशोब असा: उपलब्ध रुंदीत एक गॅप मिळवायची, बेरजेला ‘किमान रुंदी अधिक गॅप’ने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ३६० पिक्सेलच्या फोनवर पॅडिंग वजा जाता ३२८ उरतात. ३२८ अधिक ८ म्हणजे ३३६, भागिले १४८, उत्तर २.२७, म्हणजे दोन कॉलम, प्रत्येकी १६० पिक्सेल. ३२० च्या छोट्या फोनवर २८८ अधिक ८ भागिले १४८ बरोबर २ येतात. किमान १४० ठेवली ती यासाठीच. १५० ठेवली असती तर त्या फोनवर एकच कॉलम उरला असता. मोठ्या स्क्रीनवर १२०० अधिक १६ भागिले २५६ म्हणजे ४.७५, चार कॉलम, प्रत्येकी २८८ पिक्सेल. या आकड्यांत कॉलम चारच्या वर कधीच जात नाहीत. पाच हवे असतील तर २० व्हीडब्ल्यूऐवजी १६ घ्या, वरची २४० ची मर्यादाही २०० वर आणा आणि गणित पुन्हा करा.

पुष्कळ ठिकाणी नुसतं २४० पिक्सेल आणि १ एफआर लिहिलेलं दिसतं. ते चूक नाही, पण ७६८ च्या टॅबलेटवर त्याचे दोनच कॉलम होतात आणि फोनवर एक. एकेका कॉलमात ६० फोटो म्हणजे अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल.

एक अडचण मात्र आहे. व्हीडब्ल्यू संपूर्ण खिडकी मोजतं. तुमच्या पानावर डावीकडे मेनूची पट्टी असेल तर गॅलरीला मिळालेली जागा आणि खिडकीची रुंदी यांचा मेळ राहत नाही. अशा वेळी गॅलरीच्या बाहेरच्या डिव्हला कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज द्या आणि व्हीडब्ल्यूच्या जागी सीक्यूआय हे त्या डिव्हच्या रुंदीवर मोजणारं एकक वापरा. २०२३ च्या सुरुवातीपासून ते सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे. कंटेनर-टाइप गॅलरीवर नाही, तिच्या बाहेरच्या डिव्हवर. एलिमेंट स्वतःच्या रुंदीवरून स्वतःचं माप घेऊ शकत नाही.

ऑटो-फिल की ऑटो-फिट? फोटो भरपूर असतील तर दोन्ही सारखेच दिसतात. फरक पडतो तो दोन-तीन फोटोंच्या अल्बममध्ये. ऑटो-फिट रिकामे कॉलम मिटवून टाकतं आणि दोनच फोटो ५९२ पिक्सेलपर्यंत ताणतं. थंबनेल (फोटोची लहान प्रत) तेवढ्यासाठी बनवलेलं नसल्यामुळे ते धुरकट दिसतं. ऑटो-फिल जागा मोकळी ठेवतं. गॅलरीसाठी ऑटो-फिलच बरं. शेवटच्या रांगेत एकटा फोटो उरण्याची भीतीही तुम्हाला नाही, कारण ६० ला २, ३ आणि ४ तिन्हींनी भाग जातो. एकसष्टावा फोटो लावाल तेव्हा पाहू.

चेपलेल्या फोटोंचं कारण जवळजवळ नेहमी एकच. इमेज टॅगवर विड्थ आणि हाइट लिहिलेली असते आणि सीएसएसमध्ये फक्त रुंदी १०० टक्के केलेली असते. रुंदी कमी होते, उंची टॅगवरच्या आकड्यालाच राहते. त्यावर उपाय म्हणून लोक टॅगवरचे आकडे काढून टाकतात आणि दुसरं दुखणं ओढवून घेतात: फोटो येईपर्यंत जागेची उंची शून्य, आला की खालचं सगळं ढकललं जातं. तुमचं पान हलतं ते यामुळेच. आकडे ठेवा, आणि इमेजवर हे पाच नियम एकत्र लावा: डिस्प्ले: ब्लॉक, विड्थ: १०० टक्के, हाइट: ऑटो, आस्पेक्ट-रेशो: ४ / ३, ऑब्जेक्ट-फिट: कव्हर. यातलं हाइट: ऑटो गाळलं तर टॅगवरची हाइट जिंकते, आस्पेक्ट-रेशोकडे ब्राउझर बघतही नाही, आणि ‘आस्पेक्ट-रेशो चालत नाही’ अशी ओरड होते. डिस्प्ले: ब्लॉक नसेल तर प्रत्येक फोटोखाली चार-पाच पिक्सेलची फट राहते. इमेज अक्षरासारखी ओळीत बसते आणि उकारांसाठी राखलेली जागा खाली उरते, ती ही फट. ती झाकायला नकारात्मक मार्जिन वापरू नका.

टॅगवरच्या विड्थ-हाइटवरून आधीच जागा राखणं फायरफॉक्स आणि क्रोममध्ये २०१९ च्या डिसेंबरात आलं, सफारीत २०२०मध्ये. हलण्याचं माप सीएलएस. ते ०.१ च्या आत असलं की ठीक, आणि जागा राखलेल्या गॅलरीत ते शून्याजवळच असायला हवं.

कव्हर म्हणजे कापाकापी, हे लक्षात ठेवा. लिंगाण्याचा उभा फोटो ४ / ३ च्या चौकटीत घातलात तर वर-खालून कापला जातो आणि सुळक्याचं टोकच जातं. कोकणकड्याच्या आडव्या पॅनोरमाच्या दोन्ही कडा जाऊन नुसता खडक उरतो. पहिल्यासाठी ऑब्जेक्ट-पोझिशन ५० टक्के, १० टक्के द्या, म्हणजे वरचा भाग राहील. माणसांच्या ग्रुप फोटोंना ५० टक्के, २५ टक्के बहुतेक वेळा चालतं. साठपैकी आठ-दहा फोटोंनाच हे लागेल. त्या इमेजवर थेट एक कस्टम प्रॉपर्टी (आपण नाव दिलेली किंमत) लिहा आणि मुख्य नियमात तीच वाचा.

कापायचंच नसेल तर ग्रिड सोडा आणि समान उंचीच्या रांगा करा. किल्ल्यांच्या फोटोंना खरं तर हीच मांडणी जास्त शोभते. यूएलवर डिस्प्ले: फ्लेक्स, फ्लेक्स-रॅप: रॅप आणि तीच गॅप. प्रत्येक एलआयवर त्या फोटोचं गुणोत्तर कस्टम प्रॉपर्टीत लिहा: ३ / २ चा फोटो असेल तर १.५, उभा २ / ३ असेल तर ०.६७, पॅनोरमा ३. मग फ्लेक्स-ग्रो म्हणजे ते गुणोत्तर आणि फ्लेक्स-बेसिस म्हणजे गुणोत्तर गुणिले पायाभूत उंची. ही उंची फोनवर १२०, मोठ्या स्क्रीनवर २२० पिक्सेल पुरते. मिन-विड्थ शून्य करा, नाहीतर पॅनोरमा फोनवर बाहेर डोकावेल. सुरुवातीची रुंदी आणि वाढीचा वाटा दोन्ही गुणोत्तराच्या प्रमाणात असल्यामुळे रांग कितीही ताणली तरी सगळ्यांची उंची एकच येते. आतल्या इमेजला विड्थ १०० टक्के, हाइट: ऑटो, आणि आस्पेक्ट-रेशो इथे लिहायचा नाही. एलआयला बॉर्डर किंवा पॅडिंग दिलंत तर उंच्या पिक्सेल-दोन पिक्सेलने चुकतील, म्हणून सजावट आतल्या लिंकवर करा. शेवटच्या रांगेत दोनच फोटो उरले तर ते राक्षसी होतात. यूएलच्या आफ्टर स्यूडो-एलिमेंटला (सीएसएसने शेवटी जोडलेला कृत्रिम घटक) रिकामा कंटेंट आणि फ्लेक्स-ग्रो ९९९९ द्या, उरलेली जागा तो गिळतो.

विटांसारखी वर-खाली मांडणी हवी म्हणून कॉलम-काउंट वापरणारे खूप. दिसतं छान, पण क्रम वरून खाली जातो. चार कॉलमांत ६० फोटो म्हणजे सोळावा फोटो पहिल्या रांगेत दुसऱ्या जागी येतो. पायथ्याच्या गावापासून माथ्यापर्यंत क्रमाने लावलेल्या ट्रेकचा त्यात पार गोंधळ होतो. क्रमाला महत्त्व नसेल तरच घ्या, आणि एलआयवर ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड टाका, नाहीतर फोटोखालची ओळ पुढच्या कॉलमात जाऊन बसते. ग्रिडचं स्वतःचं मेसनरी (हीच विटांसारखी मांडणी) सगळ्या ब्राउझरांत येईपर्यंत त्याच्या भरवशावर पान बांधू नका. ग्रिड-ऑटो-फ्लो: डेन्स भोकं बुजवतं खरं, पण कीबोर्डने टॅब दाबत जाणाऱ्याची उडी कुठेही पडते.

आता फायली. खरा वेळ इथे घालवा, कारण ‘पान जड आहे’ या तक्रारीवर सीएसएसमध्ये औषध नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० असतो. डिस्कवर तो तीन-चार एमबी दिसतो, पण पूर्ण आकारात उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी. स्क्रीनवर दहा दिसत असतील तर ४८० एमबी. स्वस्त फोन पान मध्येच पुन्हा लोड करतो तो यामुळे. १६० पिक्सेलच्या जागेसाठी हे सगळं.

किती मोठी फाइल हवी? दिसणारी रुंदी गुणिले स्क्रीनची घनता. फोनवर १६० गुणिले ३ म्हणजे ४८०. मोठ्या स्क्रीनवर २८८ गुणिले २ म्हणजे ५७६. तेव्हा थंबनेलसाठी ३२०, ४८० आणि ६४० अशा तीन रुंद्या पुरतात, आणि मोठं करून पाहण्यासाठी १६०० ची एक. रांगांची मांडणी घेतली तर फोटो जास्त रुंद दिसतात, तेव्हा ९६० ची एक भर घाला. वेबपी फॉरमॅट, क्वालिटी ७५ ते ८०. सफारीत वेबपी २०२०मध्ये आलं, त्यामुळे जेपेगची वेगळी प्रत ठेवायची आता सहसा गरज पडत नाही.

या फायली इमेज टॅगवरच्या एसआरसीसेटमध्ये (एकाच फोटोच्या प्रतींची यादी) ३२० डब्ल्यू, ४८० डब्ल्यू, ६४० डब्ल्यू अशा लिहा. पण साइझेस, म्हणजे फोटो किती रुंद दिसणार ते, लिहिलं नाही तर ब्राउझर फोटो खिडकीएवढा रुंद धरतो आणि सगळीकडे सर्वांत मोठी फाइल उचलतो. सीएसएस वाचायच्या आधीच तो फाइल निवडतो, त्यामुळे ग्रिड त्याला दिसत नसतं. वरच्या चार कॉलमांच्या ग्रिडसाठी साइझेस असं: किमान रुंदी १२३२ पिक्सेल असेल तर २८८ पिक्सेल, ६२० असेल तर २४ व्हीडब्ल्यू, ४६८ असेल तर ३१ व्हीडब्ल्यू, नाहीतर ४६ व्हीडब्ल्यू. ६२० आणि ४६८ हे अंदाजाने घेतलेले नाहीत. चौथा आणि तिसरा कॉलम बरोबर तिथे उघडतो. ग्रिडचे आकडे बदललेत तर हेही बदला.

फाइलच्या नावात स्पेस किंवा स्वल्पविराम नको. एसआरसीसेटमध्ये स्पेसपुढे रुंदी आणि स्वल्पविरामापुढे पुढची फाइल सुरू होते, त्यामुळे ‘कोकणकडा, सकाळ’ असं नाव दिलं की यादी फुटते. नावं रोमन, लहान अक्षरांत, मध्ये डॅश. एक्स्टेन्शन कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत दिलेलं असेल तर विंडोजवर चालतं आणि लिनक्स सर्व्हरवर फोटो सापडत नाही.

लहान प्रती बनवताना क्रम पाळा. फोनने काढलेला उभा फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि ‘उभा दाखव’ अशी नोंद एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, असते. इमेजमॅजिक या फोटो बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी ऑटो-ओरिएंट, मग रंग एसआरजीबीत बदलणं, मग रिसाइझ, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रिप (सोबतची माहिती पुसणं). स्ट्रिप आधी केलंत तर नोंद पुसली जाते आणि लिंगाणा आडवा होतो. रंगाची प्रोफाइल न बदलता काढलीत तर काही फोनांच्या फोटोंचे रंग फिके पडतात. स्ट्रिप हवंच मात्र. एक्झिफमध्ये जीपीएसही असतो, आणि ट्रेकला निघताना घराच्या गेटवर काढलेल्या सेल्फीत घराचा पत्ता असतो.

लोडिंग: लेझी (फोटो जवळ आल्यावरच आणणं) लावा, पण पहिल्या बारा फोटोंना नाही. ३६० पिक्सेलच्या फोनवर रांग १२० अधिक ८ पिक्सेलची, म्हणजे पहिल्या स्क्रीनवर पाच रांगा, दहा फोटो. लॅपटॉपवर तीन रांगा, बारा. वरच्यांना लेझी लावलंत तर ब्राउझर मांडणी होईपर्यंत थांबतो आणि पहिला फोटो उगाच उशिरा येतो. तेराव्यापासून पुढे सगळ्यांना.

फोटोखाली नाव लिहिणार असाल तर मराठीचे दोन नियम. लाइन-हाइट १.५ च्या खाली नेऊ नका. १.२ आणि ओव्हरफ्लो: हिडन एकत्र आले की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा, त्याने शिरोरेघ तुटून शब्द सुटी अक्षरं वाटतात. १४० पिक्सेलमध्ये ‘हरिश्चंद्रगडावरून’ मावत नाही, म्हणून ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर. नाव फक्त माउस नेल्यावर दिसेल असं करू नका, फोनवर माउस नसतो. होव्हरला फोटो मोठा करायची हौस असेल तर तो नियम ‘होव्हर: होव्हर’ या मीडिया क्वेरीत ठेवा. सुरुवातीला एकही नको म्हटलं ते कॉलमांपुरतं. आणि चौकटीला ओव्हरफ्लो: हिडन असलं की कीबोर्डवाल्यांसाठीची फोकसची रेघ कापली जाते. लिंकला आउटलाइन-ऑफसेट उणे ३ पिक्सेल दिलं की ती आत येते.

इमेज लिंकच्या आत आहे, त्यामुळे ऑल्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) रिकामा ठेवला तर स्क्रीन रीडरला लिंकचं नावच मिळत नाही आणि तो फाइलचा पत्ता वाचत सुटतो. ‘राजगडाची संजीवनी माची, सुवेळा माचीवरून’ इतकं पुरे. पानाच्या एचटीएमएल टॅगवर लँगची किंमत एमआर असू द्या, नाहीतर हेच वाक्य इंग्रजी आवाजात ऐकू येऊ शकतं.

तपासताना ब्राउझरच्या रिस्पॉन्सिव्ह मोडमध्ये खिडकी ३२० पासून १४०० पर्यंत हळूहळू ओढा, ठरावीक फोनांच्या यादीतून निवडू नका. कॉलम ४६८ आणि ६२० ला बदलायला हवेत. पान आडवं सरकत असेल तर सगळ्या एलिमेंट्सना तात्पुरती लाल आउटलाइन द्या, बाहेर गेलेला लगेच सापडतो. बहुतेकदा तो कुठेतरी लिहिलेला १०० व्हीडब्ल्यू निघतो. विंडोजवर त्यात स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते, म्हणून त्याच्या जागी १०० टक्के लिहा. कोणती फाइल आली ते पाहायला नेटवर्क टॅब उघडा, पण आधी कॅश बंद करा. मोठी प्रत आधीच कॅशमध्ये असली तर क्रोम फोनच्या रुंदीलाही तीच दाखवतो, आणि बरोबर लिहिलेलं साइझेस तुम्ही उगाच दुरुस्त करत बसता.